खिडकीतले पाय

माझ्यात एक खोड हाय, ती आधीच सांगून टाकतो. माणूस दिसला की त्येच्यासारखं चालावं, बोलावं, खोकावं असं माझ्या अंगातच येतं. मराठी शाळेत सातवीपतोर गेलो, तिथं नीट शिकलो ते एवढंच. हेडमास्तर वर्गात यायच्या आधी त्येंच्याच आवाजात "उभे राहा" म्हणायचं आणि सगळी पोरं उभी राहिली की आपण खाली बसून हसायचं. छड्या लई खाल्ल्या. त्या छड्यांचं मला काय वाटत न्हाय. ज्याचं वाटतंय त्येच्यासाठी मला कुणी छडी मारली न्हाय, आणि तेच वाईट झालं.

आमची गल्ली शहापुरात, विणकरांची. समोरासमोर घरांच्या दोन वळी आणि दर घरात जमिनीत खणलेला माग. ज्येनं बघितला न्हाय त्येला सांगतो. विणणारा जमिनीवर बसतो आणि पाय खाली खड्ड्यात सोडतो, पावड्या दाबायला. म्हणजे माणूस अर्धा जमिनीत, अर्धा वर. सकाळी एकदा उतरला की जेवायलाच उठायचा.

घरं जुन्या धाटणीची. रस्त्याकडंला एक दार, बाकी सगळी आंधळी भिंत. खिडकी ठेवली म्हणजे चोराला बोलावणं, असं म्हाताऱ्यांचं मत. उजेड यायचा तो कौलात बसवलेल्या एका काचंतनं. प्लेगात गल्ली रिकामी करून लोक माळावर झोपड्यात जाऊन राहिलते, तवा मागं चोरांनी घरं फोडली. परत आल्यावर भिंती आणखी जाड केल्या, दारं आणखी बारकी केली. मी तवा जन्मलोबी नव्हतो, पण त्या भिंती माझ्यापतोर तशाच आल्या.

मी शाळा सोडून मागावर बसाय लागलो त्या वर्षी गल्लीत तीन चोऱ्या झाल्या. तिन्ही दिवसाढवळ्या. विणून घडी घालून ठेवलेली लुगडी गेली. आमचं शहापूर संस्थानात, आणि सडक ओलांडली की बेळगाव, म्हणजे इंग्रजांचा खालसा मुलूख. चोर लुगडी काखंत मारून सडकंपल्याड गेला की हिकडचा शिपाई अल्याड उभा. मी त्या शिपायाची नक्कल करायचो, मिशी पिळत चोराच्या पाठीला "ये की रं हिकडं" म्हणायचो. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. ज्यांची लुगडी गेलती त्याबी हसायच्या, हे आता आठवलं की बरं वाटत न्हाय.

देवीच्या देवळात बैठक बसली. कोण म्हणलं भिंतीवर काचा लावा, कोण म्हणलं कुत्री पाळा. आमच्या दारासमोरचे काका गल्लीतले थोरले विणकर, पंचांतबी तेच म्होरं. ते म्हणले, "दारं लोखंडाची करू."

मी खांबाला टेकून उभा हुतो. म्हणलं, "काका, लोखंडाचं दार बघून चोर म्हणंल, आत कायतरी हाय बरं का."

लोक हसले. काका भडकले. "लई शाणा हायस तर तूच सांग की रं."

"सांगत न्हाय, दावतो," म्हणलं आणि भाईर पडलो.

थोड्या वेळानं खांद्यावर तांब्याची घागर घिऊन आलो आणि देवीम्होरं ठिवली. काकांनी बघितलं, परत बघितलं. घागर त्येंचीच. घरात काकू चुलीपाशी, थोरला पोरगा मागावर, गल्लीत आठ-धा माग खडखडतायत, आणि भर उन्हात मी त्येंची घागर घिऊन गल्लीच्या ह्या टोकापासनं त्या टोकापतोर चालत आलो. एका माणसानं बघितलं न्हाय. बघणार कुठनं? भिंतीला डोळे हुते का?

"ह्यो चोर व्हायचा, विणकर न्हाय," काका म्हणले. पण खडू त्येंनीच माझ्या हातात दिला.

मी देवळाच्या फरशीवर गल्ली काढली. म्हणलं, भिंती जाड करून आपणच आंधळे झालोय, चोराला एकांत आपणच करून दिलाय. दर मागाम्होरं भिंतीत खिडकी फोडा, उभ्या सळया घाला. बायका आत अंधारात बसून सुताच्या कांड्या भरत्यात, त्यास्नी दारात कट्टा बांधून द्या. कोपऱ्यावर लाकडांचा ढीग हाय, त्येच्यामागं माणूस उभा राहिला तर कळत न्हाय, तो हलवा. आडावरचा धुण्याचा दगड फिरवा, म्हणजे धुणाऱ्या बाईचं तोंड गल्लीकडं येतंय.

"खिडकी कुठं फोडायची?" काकांनी विचारलं.

"विणणाऱ्याचं डोळं जिथं तिथं. रस्त्यापासनं हातभर वर."

"एवढ्या खाली? मग दिसणार काय, पाय?"

"पायच बघा की. चोर काय उडत येतोय?"

हे माझं वाक्य. देवळातली सगळी माणसं ह्या वाक्याला हसली, आणि पंचांनी होकाराची मान हलवली. घरांच्या पाठीमागनं एक बोळ जायचा. गटार, शेणी रचून लिंपलेल्या हुडव्या, नाकाला पदर लावून जायची जागा. तो बोळ मी फरशीवर काढलाच न्हाय. तिकडं कोण जाणार, म्हणलं.

दिवाळीपतोर खिडक्या झाल्या. घरात उजेड आला. म्हाताऱ्या बायका दोन दिवस उजेडाला शिव्या देत बसल्या, मग त्याच खिडकीत सुपारी कातरायला सरकल्या. आणि खरंच सांगतो, चोऱ्या थांबल्या. गल्लीत अनोळखी पाय आला की एक माग थांबायचा, मग शेजारचा थांबायचा, आणि त्या शांततंत परका माणूस आपोआप खाकरून "अमक्याचं घर कुठलं हो?" म्हणून विचारायचा. माझं नाव झालं. आई शेजारणीला म्हणायची, "माझं पोरगं टवाळ हाय, पण डोक्यानं हाय."

हळूहळू विणकरांस्नी पायांची अशी सवय झाली की मान वर करायची गरजच उरली न्हाय. भटजीबुवांची खडाव, काकूंची जोडवी, गवळ्याची चिखलाची टाच. नुसत्या पायावरनं हाक मारायचे. मग मला काय, आयतंच मिळालं. दुपारी माग सोडून मी गल्लीतनं दुसऱ्याची चाल चालत जायचो. कधी भटजीबुवा, कधी शिपाई. आतनं आवाज यायचा, "या बुवा, आज हिकडं कुठं?" मग मी वाकून खिडकीत तोंड घालायचो आणि हसायचो. आतनं कांडी यायची फेकून.

सगळ्यांत झकास मला जमायची ती सांधणीवाल्या आप्पांची चाल.

मागावरचा ताणा, म्हणजे उभं सूत, संपत आला की नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्याला जोडायला लागतोय. शेकड्यांनी धागे, केसासारखे. बोटाला राख लावून पीळ द्यायचा, गाठ दिसू द्यायची न्हाय. हे काम आप्पा करायचे. घरोघर जायचे, कानडीच्या हेलात मराठी बोलायचे, राखेची पुरचुंडी कमरंला. त्येंचा एक पाय ल्हानपणापासनं अधू. काठी टेकायची, मग पाय वढायचा. टक, सर्र. टक, सर्र. घरात पुरुषमाणूस असो नसो, आप्पा आले की दार उघडं. दिवसभर मागाम्होरं बसून सांधत ऱ्हायचे आणि घरातली माणसं आपापल्या कामाला जायची. त्येंच्या भरवशावर लोक पोरं टाकून बाजाराला जायचे. आप्पांचं पोट ह्या भरवशावर हुतं.

मी त्येंच्या समोरनं, त्येंच्या देखतसुद्धा चालून दावायचो. ते हसायचे. "कळ्ळा," म्हणायचे, कानडीत चोर म्हणून. लाडानं.

आमच्या वळीत शेवटच्या घरात एक आक्का राहायची. नवरा गेलेला, एक मुलगी लग्नाची. आक्का दिवसा गिऱ्हाइकाचं विणायची आणि जमंल तेवढ्या वेळात मुलीच्या लग्नाचं लुगडं विणत हुती. अंजिरी रंगाचं, रुंद काठाचं. शेवटी विणून झालं, घडी घालून पेटीत ठिवलं. तिनं गल्लीतल्या सगळ्या बायकांस्नी बोलवून दाखवलं, मलाबी दाखवलं. मी तिच्या मुलीसारखं लाजून दाखवलं, तर धपाटा खाल्ला.

त्यानंतर चार-पाच दिवसांतली गोष्ट. दुपारची वेळ. मला आक्काची गंमत करायची हुती. म्हणलं, आप्पा हून दारात जायचं, "ताणा आला काय गं?" म्हणून आवाज द्यायचा, आणि ती पाट मांडाय लागली की हसायचं. बाबांची काठी घेतली. टक, सर्र करत गल्ली चालत गेलो. कट्ट्यावर त्या वेळंला कोण न्हवतं, बायका जेवणं आवराय आत गेलत्या. आक्काच्या दाराला कडी. ती लेकीला घिऊन आडावर पाणी शेंदत हुती, गल्लीकडं पाठ करून. मी दारात जरा उभा राहिलो, पायरीवर बसून बघितलं, येईना. मग आलो तसाच परत गेलो, टक, सर्र. कुणाच्या खिडकीत तोंड घातलं न्हाय. त्या दिवशी पोटात भूक हुती, कंटाळा आलता, एवढंच कारण.

घरी येऊन भाकरी खाल्ली. हात धुवायच्या आधी आक्काची किंकाळी आली.

पेटी उघडी. लुगडं गेलं.

सांजच्याला देवळात सगळी जमली. काका म्हणले, "मी मागावर हुतो. आप्पांचे पाय बघितले. जाताना बघितले, येताना बघितले." शेजारच्या मागावरच्यानंबी बघितलते. आणखी एकानं. तिघं तीन खिडक्यांतनं, तिघांचं एकच. माझ्या खिडक्यांनी पहिल्यांदा चोर धरला हुता. एकजण माझ्या पाठीवर थाप मारून म्हणला, "तुझं डोकं कामाला आलं बघ."

आप्पांस्नी बोलावून आणलं. ते देवळाच्या पायरीशी काठीवर भार टाकून उभे राहिले.

"आज मी हिकडं आलोच न्हाई," आप्पा म्हणले. "दिसभर वडगावात सांधत हुतो."

"कुणाकडं?"

त्येंनी घर सांगितलं. पण त्या घरची माणसं आप्पांस्नी मागाजवळ बसवून शेताला गेलती, म्हणजे साक्षीला कोण न्हाय. त्येंच्यावर भरवसा ठिवायची जी रीत, तीच त्येंच्यावर उलटली.

"आम्ही पाय बघितलेत आप्पा," काका म्हणले.  काका आणि आप्पा एका वयाचे, एका पानाचा चुना खाणारे.

"तोंड कुणी बघितलं?"

आप्पा काठी टेकत एक पायरी वर आले.

"तोंड बघितलं का कुणी, सांगा की."

"मागावर बसून तोंड कसं दिसंल? पाय दिसत्यात," एकजण म्हणला. आणि मला आठवलं, मीच तर म्हणलोवतो, पायच बघा की.

मी तिथंच हुतो. खांबाला टेकून, नेहमीच्या जागंला. तोंड उघडायचं एवढंच हुतं. पण डोक्यात हिशोब चालला हुता. मी म्हणलो, ते पाय माझे, तर लोक इचारणार, मग लुगडं कुठाय? भर दिवसा काकांची घागर उचलून आणलेला मीच. "ह्यो चोर व्हायचा," हे त्याच देवळात बोललं गेलतं. आणि पाठीवरची ती थाप अजून गरम हुती. खोटं कशाला बोलू, तीबी मला सोडवंना.

आप्पांनी सगळ्यांकडं बघितलं. माझ्याकडंबी बघितलं. बाकीच्यांपेक्षा जास्त येळ बघितलं असं मला वाटतं, पण ते माझ्या मनाचंबी असंल.

फौजदाराकडं न्ह्यायचं न्हाय असं पंचांनी ठरवलं. म्हातारा माणूस, जुना संबंध. फक्त गल्लीत कुणी सांधणीला बोलवायचं न्हाय. काका हे म्हणताना खाली बघत हुते. आप्पांनी कमरंची राखेची पुरचुंडी सोडली, देवळाच्या पायरीवर ठिवली आणि गेले. टक, सर्र. ती चाल मला इतकी पाठ, पण त्या दिवशी ऐकवंना.

एका गल्लीनं बंद केलं की बाकीच्या गल्ल्यांत कळायला किती येळ लागतोय? वडगावातलंबी काम गेलं. आप्पा हिंडलग्याला भणीकडं जाऊन राहिले. हिंडलग्यात तुरुंग हाय, त्यामुळं पोरांस्नी विषय मिळाला. "आप्पा हिंडलग्याला गेले," म्हणून पोरं काठी घिऊन गल्लीत लंगडायची. नक्कल कुणी शिकवलती, सांगायला नको. मी एकाला कानफटात दिली. त्येची आई भांडायला आली, "तू करतोस तवा चालतंय व्हय रं?"

आक्काच्या मुलीचं लग्न झालं, उसनं लुगडं नेसून. मी वाढपी हुतो.

उन्हाळ्यात आक्कानं पाठीमागच्या बोळातली जुनी हुडवी मोडली, शेणी घरात घ्यायला. मागं भिंतीत भगदाड. आतल्या बाजूला धान्याची कणगी, भाईर हुडवी, मधी माणूस सरपटत जाईल एवढी वाट. चोर बोळातनं आलता. ज्या बोळाला मी फरशीवर जागा दिली न्हाय, त्या बोळातनं.

काका आले. बसून बघितलं, बोटानं माती चाचपली. मग स्वतः चिखल कालवून भगदाड बुजवलं.  मी वाट बघत हुतो, कोण तरी म्हणंल, मग आप्पांचे पाय कुठनं आले? कुणीच ते म्हणलं न्हाय. सगळ्यांनी हात धुतले आणि आपापल्या मागावर जाऊन बसले. त्या दिवशी मला कळलं, गल्लीला कळलंय, आणि गल्लीबी माझ्यासारखीच खांबाला टेकून गप उभी हाय.

दुसऱ्या दिवशी मी हिंडलग्याला चालत गेलो.

आप्पा भणीच्या परड्यात केकताडाच्या वाखाचे दोर वळत बसलते. केसासारखे धागे सांधणारी बोटं, वाखानं सोलून निघालेली. मला बघून म्हणले, "बा, कुंद्रु." ये, बस.

मी बसलो न्हाय. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. काठी, आक्काचं दार, पायरी, भूक. आप्पा वळत हुते, हात थांबला न्हाय.

सांगून झालं तवा म्हणले, "चालून दाव."

"आप्पा, नको."

"दाव म्हणतो न्हवं का. लई जणांस्नी दावलंस, मलाबी नीट बघू दे."

मी त्येंची काठी घेतली. परड्यात हिकडनं तिकडं चाललो. टक, सर्र. आयुष्यात एवढं जड कधी चाललो न्हाय. आप्पा डोळे बारीक करून बघत हुते.

"कंचा पाय वढतोस रं?"

मी खाली बघितलं. "डावा."

आप्पांनी आपलं धोतर गुडघ्यापतोर वर केलं. सुकलेला पाय उजवा हुता.

मी त्येंच्या समोर उभा राहून शिकलो हुतो, आरशात बघितल्यासारखं. त्येंचा उजवा माझ्या डाव्या अंगाला. इतकी वर्षं उलटा चालत हुतो. आणि काका, जे त्येंच्याबरोबर एका पानाचा चुना खात हुते, त्येंनी खिडकीतनं दोनदा बघून आप्पाच म्हणून सांगितलं. तिघांनी सांगितलं. पाय बघितले म्हणून सांगितलं.

आप्पा हसले. ते हसणं मला सोसलं न्हाय. म्हणले, "मला सांगून काय करू? ज्यांस्नी दावलंस, त्यांस्नी सांग."

मी त्याच दुपारी गल्लीत आलो. घरातनं काठी घेतली आणि ह्या खेपंला उजवा पाय वढत निघालो. पहिला माग थांबला. मग दुसरा. काकांच्या खिडकीपाशी आलो, तर आतनं आवाज आला, घाबरल्यासारखा, आनंदल्यासारखा, "आप्पा? आलास काय रं?"

मी वाकून तोंड खिडकीत घातलं. "आप्पा न्हवं काका. मी. त्या दिवशीबी मीच हुतो."

काकांनी हातातला धोटा खाली ठिवला. मारतील म्हणून मी तोंड तिथंच ठिवलं. ते म्हणले, "म्होरं जा. सगळ्यांस्नी सांग." तेवढंच. मी दर खिडकीला वाकलो, दर खिडकीत सांगितलं. आक्कानं ऐकलं आणि दार लावून घेतलं. ती माझ्याशी अजून बोलत न्हाय. आई बोलती, पण डोक्यानं हाय म्हणत न्हाय.

दुसऱ्या दिवशी काका आणि पंच नारळ घिऊन हिंडलग्याला गेले. तिथं काय बोलणं झालं मला ठाऊक न्हाय. सोमवारी आप्पा आले. कमरंला नवी पुरचुंडी. गल्लीच्या तोंडाशी थांबले, मग पहिल्या खिडकीपाशी काठीवर भार टाकून, त्या अधू पायानं, कमरंत वाकले आणि आत तोंड दाखवलं. "मी हाय." दुसऱ्या खिडकीपाशी परत वाकले. "मी हाय." लोक आतनं ओरडत हुते, "आप्पा, नका वाकू हो, वळीखलं की!" पण ते वाकतच गेले. तवापासनं जवा येत्यात, तवा तसंच. दर खिडकीला.

माझ्या घरची खिडकी मी दीड हात वर फोडून घेतली, म्हणजे बसल्या जागनं उभ्या माणसाचं तोंड दिसावं. बाकीच्यांनी घेतली न्हाय, भिंत उसवती म्हणले. माझ्या खिडकीला आप्पांस्नी वाकायची गरज न्हाय. तरी ते येत्यात, थांबत्यात, धोतर जरा वर धरत्यात आणि वाकत्यात.

"मी हाय रं. उजवा. बघून घे."

"बघितलं आप्पा," मी म्हणतो, आणि माग थांबवून खड्ड्यातनं वर येतो.